पितळी पुंगळीचे माप

रायफलच्या काडतुसाचे गोळी, दारू, टोपी आणि पुंगळी असे चार घटक असतात. पहिले तीन एका बारात खर्ची पडतात. पुंगळी तेवढी शिल्लक उरते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांतील नेमबाज अशा रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवतात व घरीच पुन्हा भरतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई असल्यामुळे या छंदाचा येथे प्रश्न उद्भवत नाही. तथापि पुंगळीला लागू असणारे धातूचे नियम कारखान्यातून आलेल्या काडतुसालाही लागू असतात, आणि शस्त्रागारात काम करणाऱ्यांना ते माहीत असणे अगत्याचे आहे.

या कामाचे पितळ सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. बार होताच आतील वायूचा दाब हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहूनही अधिक होतो. त्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटते व वायूला मागे येण्याची वाट बंद करते. दाब ओसरला की स्थितिस्थापकतेमुळे ती किंचित आक्रसते, म्हणूनच ओढताच बाहेर येते. हे दोन्ही साधावे म्हणून पुंगळीचे बूड जाड व कठीण, तर मान पातळ व मऊ ठेवलेली असते.

बाहेर आलेली पुंगळी मात्र मूळ मापाची राहत नाही. ज्या चेंबरमध्ये ती फुगली त्या चेंबरचा आकार तिने घेतलेला असतो. तिला पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणावे लागते. दाबावे किती, हाच या कामातील कळीचा प्रश्न होय. पुंगळी कोणत्याही रायफलमध्ये सहज बसावी म्हणून ती पूर्ण दाबली जाते, आणि नेमकी तीच सवय तिचे आयुष्य खुंटविते.

१८८८ साली ब्रिटिश सैन्यात आलेल्या .३०३ काडतुसाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते आणि काडतूस चेंबरमध्ये अडते ते त्या कडेवर, खांद्यावर नव्हे. चिखलमातीने माखलेले काडतूसही आत जावे म्हणून लष्करी चेंबर ऐसपैस कोरलेले असत. परिणामी पुंगळीचा खांदा आणि चेंबरचा खांदा यांत बरीच मोकळी जागा राहते. शिवाय ली-एनफिल्ड रायफलचा बोल्ट मागील बाजूस अडकत असल्याने बाराच्या धक्क्यात तो थोडा दबतो. पुंगळीचा पुढील पातळ भाग भिंतीला घट्ट धरून बसतो, बूड मागे रेटले जाते, आणि या ओढाताणीत बुडाच्या जरा वरची भिंत ताणली जाऊन पातळ होते. पूर्ण दाबलेल्या पुंगळीचा खांदा प्रत्येक वेळी मागे जातो व पुढच्या बारात तितकाच पुढे येतो. असे काही वेळा घडले की बूड तुटून वेगळे होते, तप्त वायू बोल्टच्या बाजूने मागे झेपावतो आणि नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांना इजा होण्याचा संभव निर्माण होतो.

तुटण्यापूर्वी पुंगळी सूचना देते. बुडाच्या वर एक चकचकीत कडे दिसू लागते. टोक वाकवलेली बारीक तार आतून भिंतीवर फिरवली असता तेथे खाच लागते. खाच लागलेली पुंगळी मोडीत काढावी. तिला दुसरा उपाय नाही. जाणते नेमबाज म्हणून केवळ मान दाबतात व खांदा हलवीत नाहीत. अशी पुंगळी पुष्कळ टिकते, पण ती त्या एकाच रायफलची होऊन राहते.

बिनकडेच्या काडतुसांत, उदाहरणार्थ ७.६२ × ५१ मिलिमीटरच्या, अडण्याचे काम खांदाच करतो. तेथे खांदा गरजेपेक्षा अधिक मागे गेला की वरील दोष आयताच निर्माण होतो. म्हणून तो मोजून, मिलिमीटरच्या काही शतांश भागांपुरताच मागे घेतात. वंगण कमी पडल्यास पुंगळी साच्यात अडकून बसते, जास्त झाल्यास खांद्यावर खळगे पडतात. मान लांबत जाते, तीही वेळोवेळी कापावी लागते.

वारंवार फुगण्या-दाबण्याने पितळ कठीण व ठिसूळ होते आणि मान चिरते. यावर अनुशीतन, म्हणजे मान तापवून मऊ करणे, हा उपाय आहे. उष्णता बुडापर्यंत पोचू द्यावयाची नाही, कारण मऊ बूड दाब सोसू शकत नाही. या विषयाचा एक धागा भारताशी जुळलेला आहे. एकोणिसाव्या शतकात येथील ब्रिटिश फौजांची तबेल्यांत साठविलेली काडतुसे पावसाळ्यात, एकही बार न होता, आपोआप चिरत असत. हा ऋतूचाच दोष समजला जाई व त्याला नावही तसेच पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याची उकल केली: घोड्यांच्या मुत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि ओढून घडविताना पितळात उरलेला ताण यांच्या संगतीने ते तडकत होते. बेताच्या उष्णतेने हा ताण काढून टाकता येतो. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर व खांद्यावर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही अशाच अनुशीतनाची खूण असते. ती गंज समजून घासून काढण्याचे कारण नाही.