संप कशास म्हणावें?

काम बंद पडलें म्हणजे संप झाला, अशी विद्यार्थ्यांची सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नव्हे. गिरणीचें इंजिन बिघडलें किंवा कापूस येईनासा झाला, तरी काम बंदच पडतें. मालकानेंच वादांत काम बंद ठेविलें, तर त्यास ‘टाळेबंदी’ असें निराळें नांव आहे.

आमच्या धंतोलीपासून फारशा दूर नसलेल्या एम्प्रेस मिलचेंच उदाहरण घेऊं. व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें त्याच दिवशीं, म्हणजे १ जानेवारी १८७७ रोजीं, जमशेटजी टाटांनीं ती सुरू केली. त्याच वर्षीं मजुरीच्या दरावरून तेथील कामगारांनीं काम थांबविलें. देशांतील अगदीं आरंभींच्या संपांत त्याची गणना होते. ट्रेड युनियनचा कायदा व्हावयास १९२६ साल उजाडावयाचें होतें. तरीही तो संपच. कारण पुष्कळांनीं एकविचारानें काम नाकारलें होतें. संघटनेनें संपास बळ येतें. ती नसल्यास संप होतच नाहीं, असें मात्र नाहीं.

१९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यानेंही हा एकविचारच मुख्य धरिला. एकटा विणकर रुसून घरीं बसला, तर ती गैरहजेरी. पन्नास जण एकाच दिवशीं तापानें निजले, तरी तीही गैरहजेरीच.

परंतु सर्वांनीं ठरवून एकाच दिवशीं किरकोळ रजा घेतली तर? नोव्हेंबर २०२५ मध्यें अमलांत आलेली २०२० ची औद्योगिक संबंध संहिता सांगते कीं, निम्म्या किंवा अधिक कामगारांनीं ठरवून अशी रजा घेतल्यास तोही संप. निम्म्यांचाच आंकडा कां? शंभरांतील एकूणपन्नास जणांचा एकविचार काय कमी प्रतीचा? आम्हांस वाटतें, हजेरीपट मोजतां येतो, मनें मोजतां येत नाहींत, म्हणून हा आंकडा आला असावा.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. ह्याच संहितेप्रमाणें संपापूर्वीं १४ दिवसांची सूचना द्यावी लागते. रजा ही संप ठरली, कीं सूचनेवांचून ती बेकायदेशीर संप ठरते. आणि त्यास १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. मजुराच्या घरीं एवढा दंड म्हणजे कित्येक दिवसांची भाकरी.

एम्प्रेस मिल २००२ सालीं कायमची बंद झाली. तेथेंही काम थांबलें. पण तो संप नव्हता कीं टाळेबंदी नव्हती. उद्योगच बंद होणें, ही कायद्यांत तिसरी गोष्ट आहे.