साखर उतरते तेव्हा

आपल्या बोलीत 'त्यांना शुगर आहे' म्हटले की मधुमेह समजायचा. भाषेची विद्यार्थिनी या नात्याने मला हा शब्दप्रयोग मोठा फसवा वाटतो. शुगर 'आहे' असे एकदा ठरले की ती कमीही होऊ शकते हे कोणाच्या ध्यानातच येत नाही, आणि ऐन गरजेच्या वेळी रुग्णाच्या हातातला साखरेचा चमचा काढून घेतला जातो.

रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात. ५४ च्या खाली धोका मोठा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी साखर उतरवीत राहते. पोटात अन्न गेले आहे की नाही, हे औषधाला कळत नाही! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे आजीच्या औषधांची चिठ्ठी वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. सकाळचे इन्शुलिन झाले आणि भाकरीला उशीर झाला की तिचे हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, आणि एरवी शांत असणारी आजी उगाच चिडते. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला अनवाणी जाणाऱ्या आणि रमजानचे रोजे धरणाऱ्या कित्येकांचे असेच होत असेल : गोळी चालू, पोट रिकामे. उपवासाआधीच डॉक्टरांना विचारून औषध ठरवून घ्यावे. रस्त्यात एखाद्याचा तोल गेला, तो असंबद्ध बोलू लागला, तर लोक त्याला दारुडा समजून पुढे जातात, हे तर फारच वाईट.

माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन भरलेले लहान चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, साखर वा ग्लुकोज पाण्यात कालवून द्यावे. १५ मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा तेवढेच. बरे वाटल्यावर पोळी-भाकरी द्यावी. पेढा किंवा चॉकलेट या वेळी कामाचे नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साखर वाढली की उतरली हे कळत नसेल, आणि मोजायचे यंत्रही जवळ नसेल, तरी साखरच द्यावी. वाढलेली असल्यास थोड्या साखरेने तेवढ्यात फारसे बिघडत नाही. उतरलेली तशीच राहिली तर जीव जाऊ शकतो. इन्शुलिन मात्र मुळीच टोचू नये.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही; ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर निजवून १०८ ला फोन करावा किंवा वाहन मिळेल तसे घाटी गाठावी.

हा आजार म्हाताऱ्यांचाच, असेही नाही. आपल्या शहरात डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था मधुमेही मुलांसाठीच काम करते. अशी मुले मोठी होऊन आपल्याच बाकांवर बसणार. तेव्हा प्राध्यापकांना एक विनंती : परीक्षेच्या वर्गात कोणी खिशातून ग्लुकोजची पुडी काढली, तर ती कॉपी समजून जप्त करू नये, आणि पाण्याचा ग्लास आधी द्यावा.