घराजवळचे महाविद्यालय आणि संवादविद्येचे शिक्षण



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो : आता पुढे काय? उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. विज्ञानात चांगले गुण असतील तर अभियांत्रिकी, वाणिज्य शाखा असेल तर बँकेची परीक्षा, कला शाखा असेल तर शिक्षकाची नोकरी किंवा पोलीस भरती. हे मार्ग चांगलेच आहेत. परंतु संवादविद्येचे, म्हणजे पत्रकारिता, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, जाहिरात, जनसंपर्क या विषयांचे शिक्षण घेण्याचा विचार फार थोड्या घरांत होतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील विद्यार्थ्याने हे शिक्षण का घ्यावे, ते बेताच्या खर्चात कसे घेता येईल आणि त्यात नेमके काय शिकावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विषय आपला आहे

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले होते. पैसे देऊ करूनही 'केसरी'ने या पाक्षिकाची जाहिरात छापली नाही. ज्याच्या हाती छापखाना त्याचाच आवाज, हा धडा त्या एका नकाराने शिकविला. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रे निघाली. कायदा, अर्थशास्त्र, राजकारण यांचा एवढा व्याप असताना बाबासाहेबांनी वृत्तपत्राचे काम दुय्यम मानले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

त्यानंतर चित्र किती बदलले? १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या पत्रकारांनी दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला. मान्यताप्राप्त पत्रकारांची यादी त्यांनी तपासली आणि आपल्याला एकही सापडला नाही, असे 'पायोनियर' या दैनिकात लिहिले. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांनी केलेल्या पाहणीत प्रसारमाध्यमांतील १२१ वरिष्ठ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींतील एकही व्यक्ती त्या पदांवर आढळली नाही. आपल्या वस्तीत काय घडले ते कोणत्या पानावर, किती ओळींत, कोणत्या शब्दांत छापायचे, हे अशा पदांवरची माणसे ठरवितात. म्हणून हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या नोकरीपुरता नाही.

समुदाय महाविद्यालयाची कल्पना

अमेरिकेत १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. त्यातूनच पुढे तेथील समुदाय महाविद्यालये वाढली. घराजवळचे महाविद्यालय, कमी फी, काम करणाऱ्यांना सोयीची वेळ, आणि दोन वर्षांनंतर नोकरी किंवा मोठ्या विद्यापीठात पुढचे शिक्षण, अशी ही योजना. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात या नावाची योजना राबविली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका व तीन वर्षांनंतर पदवी असे टप्पे दिलेले आहेत.

यामागचा विचार मात्र आपल्याला नवा नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये मुंबईत सुरू झाले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सकाळच्या वेळेत वर्ग भरविण्यात आले. पोटाची सोय पाहून शिक्षणाची वेळ ठरवावी, हेच समुदाय महाविद्यालयाचे सार आहे. तेव्हा त्या नावाची पाटी शोधत बसण्यापेक्षा तो हेतू कोठे साधतो ते पाहावे.

आपल्या परिसरातील मार्ग

पहिला मार्ग पूर्णवेळ पदवीचा. मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास बीएमएम ही पदवी सुरू केली. २०१९ पासून तिचे नाव बीएएमएमसी झाले. ठाण्याचे जोशी-बेडेकर महाविद्यालय व कल्याणचे बिर्ला महाविद्यालय येथे हा अभ्यासक्रम चालत आला आहे. डोंबिवलीच्या विद्यार्थ्याला ही दोन्ही ठिकाणे लोकलच्या पासात बसणारी आहेत. बहुतेक ठिकाणी हा अभ्यासक्रम विनाअनुदानित असल्याने फी साध्या बी.ए.पेक्षा जास्त असते, हे आधीच लक्षात घ्यावे.

दुसरा मार्ग नोकरी करणाऱ्यांचा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांतून पत्रकारितेचे शिक्षण मराठीतून घेता येते. मुंबई विद्यापीठाच्या गरवारे संस्थेतही पत्रकारितेचे अर्धवेळ अभ्यासक्रम चालत आले आहेत.

तिसरा मार्ग आधी कोणत्याही विषयात पदवी घेऊन मग पत्रकारितेची पदविका करण्याचा. अर्थशास्त्र, कायदा किंवा विज्ञान शिकून या क्षेत्रात आलेल्या माणसाला एक पक्का विषय असतो. ज्यांना घाई नाही त्यांनी याचा जरूर विचार करावा.

प्रवेशापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. अभ्यासक्रमाला विद्यापीठाची मान्यता आहे काय? त्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू आहे काय? शिकविणाऱ्यांत प्रत्यक्ष काम केलेली माणसे आहेत काय? अँकर बनविण्याचे आश्वासन देणारे खासगी वर्ग पुष्कळ आहेत. त्यांच्या प्रमाणपत्राला मान्यता नसेल तर शिष्यवृत्तीही मिळत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आवश्यक तेथे जात वैधता प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी निकालाची वाट न पाहता करावी. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या आहेत. कागद वेळेवर नाही म्हणून त्या वाया जाऊ देऊ नयेत.

एक छोटा धडा

या विद्येचा पाया सहा 'क'वर उभा आहे : कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे. समजा, एखाद्या वस्तीत पाणी येत नाही. नवशिका लिहितो, "प्रशासनाच्या गलथान कारभारामुळे नागरिकांत तीव्र संतापाची लाट उसळली आहे." या वाक्यात राग आहे, माहिती नाही. शिकलेला विद्यार्थी लिहील, "वस्तीतील ८० घरांना सोमवारपासून पाणी मिळालेले नाही. रहिवाशांनी मंगळवारी पाणी खात्याकडे लेखी तक्रार दिली. शुक्रवारपर्यंत तिला उत्तर आलेले नव्हते. जलवाहिनी फुटल्याचे खात्याच्या अभियंत्यांनी सांगितले." दुसऱ्या बातमीत एकही जहाल शब्द नाही; पण तिला उत्तर देणे भाग पडते. घरे स्वतः मोजली, तक्रारीची पोच पाहिली, अभियंत्यांना विचारले, म्हणून ती खोटी ठरविता येत नाही. अधिकाऱ्यांनी माहिती दिली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करता येतो आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आपल्या बाजूची बातमी असली तरी ती तपासलीच पाहिजे. मोबाईलवर आलेला मजकूर खात्री न करता पुढे पाठविणे म्हणजे संवाद नव्हे. सम्यक वाचेत असत्य, चहाडी, कठोर भाषण व निरर्थक बडबड टाळण्यास सांगितले आहे. पत्रकाराच्या आचारसंहितेचा गाभा याहून फार वेगळा नाही.

मराठी माध्यमात शिकल्याने न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची अनुज्ञा मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने ते आपल्या भाषेत शिकावे असे सांगितले, असा त्याचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. इंग्रजी अवश्य शिकावे, कारण कागदपत्रे व संदर्भ त्या भाषेत असतात. पण लोकांशी बोलायचे ते लोकांच्या भाषेत.

प्रशिक्षणाने काय घडते याची दोन उदाहरणे पाहा. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ मध्ये ग्रामीण स्त्रियांनी 'खबर लहरिया' हे बुंदेली पत्र सुरू केले. त्यांत दलित स्त्रिया पुढे होत्या. तेलंगणातील झहीराबादजवळ २००८ पासून दलित स्त्रियांनी 'संघम रेडिओ' हे सामुदायिक केंद्र चालविले. त्यांच्याजवळ मोठ्या पदव्या नव्हत्या. पण त्यांनी काम पद्धतशीर शिकून घेतले.

नोकरीचे काय?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. स्थानिक वार्ताहराला सुरुवातीला मानधन थोडे मिळते, कंत्राटी नेमणुका पुष्कळ असतात, हे लपवून उपयोग नाही. परंतु वृत्तपत्राखेरीज भाषांतर, जाहिरात लेखन, ध्वनिचित्र संकलन, रुग्णालये व संस्थांचा जनसंपर्क अशी कामे आहेत. शासनाच्या माहिती व जनसंपर्क विभागातील अधिकाऱ्यांची पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. एका पदवीवर विसंबू नये. टंकलेखन, संकलन व दुसरी भाषा ही कौशल्ये जोडीला असावीत.

मंडळांनी काय करावे?

सर्व भार विद्यार्थ्यावर टाकणे योग्य नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालत आले आहे. शहरातील लोकांनी वर्गणी व कष्ट दिले म्हणून अशा संस्था टिकतात. आपल्या विहारातही आठवड्यातून एक संध्याकाळ वृत्तपत्र वाचनासाठी ठेवता येईल. एकच बातमी तीन दैनिकांत कशी आली ते मुलांनी शेजारी ठेवून वाचावे. मंडळाच्या कार्यक्रमाचा वृत्तांत विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा. ज्येष्ठांच्या आठवणी, विशेषतः गिरणी, रेल्वे व कारखान्यांत आयुष्य घालविलेल्यांच्या, ध्वनिमुद्रित करून जपाव्यात. ती माणसे गेल्यावर ते बोल पुन्हा मिळणार नाहीत. दरवर्षी निदान एका होतकरू मुलीच्या किंवा मुलाच्या पहिल्या सत्राची फी मंडळाने भरावी. शिष्यवृत्ती हाती येईपर्यंतच्या काळातच पुष्कळांचे शिक्षण सुटते.

मुक्यांचा नायक होण्यासाठी १९२० साली एका विद्वानाला वृत्तपत्र काढावे लागले. आज वस्तीतल्या प्रत्येक घरात बोलण्याचे साधन आहे. ते जबाबदारीने वापरणारी, मोजून, तपासून, विचारून लिहिणारी पिढी आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीतून घडावी, आणि त्यासाठी या वर्षीच्या प्रवेशाच्या वेळी निदान एका घराने तरी या मार्गाचा विचार करावा, एवढीच अपेक्षा.