मुलगी वाढली, मात्रा तीच राहिली

थॅलेसेमियाच्या मुलाला वेळेवर रक्त मिळाले म्हणजे त्याचा उपचार झाला, असा जो समज आपल्याकडील आईबापांत आणि, सांगावयास दुःख होते, काही डॉक्टरांतही दृढ झालेला आहे, त्याने माझ्या मुलीचे जे नुकसान केले ते इतरांच्या मुलांचे होऊ नये म्हणून, आणि खरे सांगावयाचे तर माझा संताप अद्याप शमलेला नाही म्हणूनही, मी हे लिहावयास बसलो आहे.

रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि ते बाहेर टाकण्याची कोणतीही योजना निसर्गाने मनुष्यदेहात केलेली नाही. दिवसाकाठी एखाददुसरा मिलिग्रॅम जातो तेवढाच. दर तीन आठवड्यांनी पिशवी घेणाऱ्या मुलाच्या खाती रोज सरासरी दहा मिलिग्रॅम लोह जमा होते आणि खर्चाची बाजू जवळजवळ कोरी राहते. हे लोह यकृतात, पुढे हृदयात, स्वादुपिंडात आणि वाढ व वयात येणे ज्यांच्या स्वाधीन असते त्या ग्रंथींत साचते. नियमित रक्त मिळूनही जी मुले ऐन तारुण्यात गेली, त्यांतील बहुतेकांचा घात हृदयातील लोहानेच केलेला आहे.

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी जेथे मुलीला रक्त चढवीत, तेथे लोह बाहेर काढणाऱ्या डेफेरासिरॉक्सची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी सुरू झाली तेव्हा तिचे वजन १४ किलो होते. त्यानंतर दर खेपेस कागदावर ‘पूर्वीप्रमाणेच’ एवढा एकच शब्द पडत गेला. साठलेल्या लोहाचा अंदाज देणारे रक्तातील फेरिटिन १५०० वरून २५०० वर गेले, मी विचारले. ‘ताप येऊन गेला असेल, तापात ते वाढतेच,’ असे उत्तर मिळाले. तापात फेरिटिन वाढते हे खरे आहे, परंतु ते सतत वर्षानुवर्षे चढत राहते तेव्हा तापाचे नाव पुढे करणे म्हणजे अर्धसत्याच्या आड लपणे होय. आकडा ४००० च्या पुढे गेला तेव्हा मात्र ताप विसरला गेला आणि भरलेल्या वॉर्डात, चार परक्या माणसांदेखत, तेथील डॉक्टरांनी माझ्या पत्नीला विचारले, ‘बाई, गोळ्या देता की टाकून देता?’ त्या दिवशी केसपेपरवर ‘पालक औषध नियमित देत नाहीत’ असा शेरा मारण्यात आला. पत्नीने पिशवीतून वही काढली. प्रत्येक सकाळच्या गोळीपुढे तिने खूण केलेली होती. ती वही उघडून पाहण्याचे सौजन्यही त्या गृहस्थांनी दाखविले नाही.

उलगडा झाला तो दुसऱ्या शहरी. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी एक शब्दही न बोलता मुलीला प्रथम वजनकाट्यावर उभे केले, आमचे सर्व कागद टेबलावर तारीखवार मांडले आणि एका कागदाच्या समासात साधा भागाकार केला. १४ किलोला ४०० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे २८ च्या वर; आता वजन २४, म्हणजे किलोमागे १७ देखील नाही. नियमाने रक्त घेणाऱ्या मुलाला या पाण्यात विरघळणाऱ्या गोळीचे सामान्यतः २० ते ४० लागते. ‘तुम्ही औषध दिलेत,’ त्या म्हणाल्या, ‘पण ते पुरे पडणारच नव्हते.’ मुलीच्या आईने तोंडाला पदर लावला. मला रडू आले नाही. मला ते समासातील तीन ओळींचे गणित दिसत राहिले, जे करण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नव्हते, पदवी ज्यांच्याजवळ होती त्यांनी प्रत्येक खेपेस जे करावयाचे होते आणि एकदाही केले नाही. पुढे अवयवांतील लोह मोजणाऱ्या एमआरआयच्या टी-टू-स्टार तपासणीत यकृत लोहाने भरलेले निघाले, आणि हृदयाचा आकडा, जो २० मिलिसेकंदांच्या वर असावयास हवा, तो खाली उतरलेला होता.

म्हणून सांगतो, वजन प्रत्येक भेटीत कागदावर लिहवून घ्या आणि मात्रेला त्याने स्वतः भागून पाहा. आकडा जुळला नाही तर विचारा, परंतु गोळ्या आपल्या हाताने वाढवू नका. साधारणतः १० ते २० पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन १००० च्या वर गेले की लोह काढण्याचे औषध सुरू व्हावे लागते. फेरिटिन दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करवावे आणि एका आकड्यावर न जाता चढउतार पाहावा. मूल यंत्रात स्थिर पडून राहू लागले, म्हणजे आठदहा वर्षांचे झाले, की टी-टू-स्टारची मागणी करा. साधा एमआरआय त्याच्या जागी चालत नाही, हे तपासणीची वेळ घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे, अन्यथा पैसे जातात आणि उत्तर मिळत नाही.

डेफेरासिरॉक्सची पाण्यात विरघळणारी गोळी पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात, उपाशीपोटी, खाण्याच्या निदान अर्धा तास आधी द्यावी. पेल्याच्या तळाशी जो गाळ राहतो त्यात पुन्हा पाणी घालून तोही पाजावा, कारण औषध त्यातही असते. क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने व यकृताच्या तपासण्या दरमहा, डोळे व कान दरवर्षी. उलट्याजुलाब होऊन मूल सुकले असेल तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, मूत्रपिंडाला धोका असतो. आमच्या मुलीला आता जोडीला डेफेरिप्रोन हे लोह काढणारे दुसरे औषधही आहे. त्याने लघवी लालसर होते, त्याला भिऊ नये, परंतु ताप किंवा घसादुखी आली की ते तत्काळ बंद करून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात, कारण त्या क्वचित एकाएकी नाहीशा होतात. लोह काढण्यासाठी रात्रभर पोटाच्या कातडीखाली पंपाने डेस्फेराल घेणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या आयांना मी मनोमन नमस्कार करतो.

नातेवाईक आणतील त्या रक्तवाढीच्या बाटल्या दारातूनच परत पाठवाव्यात. त्यांत लोहच असते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्यावाचून नकोत. बाकी मुलाशी खरे बोलावे, धीर धरावा, हे तर कोणीही सांगेल.

मुलीचे फेरिटिन आता उतरणीला लागले आहे. हृदयातील लोह मात्र फार सावकाश निघते. जिल्ह्याच्या त्या पहिल्या रुग्णालयाला मी सर्व आकडे मांडून अर्ज दिला, त्यास उत्तर आलेले नाही आणि तो शेरा अद्याप कायम आहे. तुमच्या मुलाच्या कागदावर असे काही लिहिले गेले तर त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवा, तिच्यात वजन आणि मात्रा या दोन्हींचे आकडे घाला, आणि पोहोच घेतल्याशिवाय तेथून उठू नका.