आधी पारख, मग विश्वास

केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपल्या विद्यालयाच्या परिवाराला परिचित आहे. परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. ती स्वतः पडताळून पाहावी, हा त्याचा आशय. विज्ञानाच्या तासाला मुले विचारतात, “इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाही, मग तो टिपणाऱ्या यंत्रावर तरी विश्वास का ठेवावा?” हा प्रश्न त्या उपदेशाला धरूनच आहे. शास्त्रज्ञही तोच प्रश्न स्वतःला विचारतात. त्याचे उत्तर ते कसे शोधतात, हे आम्ही येथे एका उदाहरणाने सांगत आहोत.

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात ‘डेझी’ हे १९५९ साली स्थापन झालेले संशोधन केंद्र आहे. तेथील ‘डेझी-२’ या सुमारे २९३ मीटर परिघाच्या वर्तुळाकार त्वरकात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. त्यांच्या वाटेत केसाहूनही बारीक असा कार्बनचा तंतू धरला, की त्यातून उच्च ऊर्जेचे प्रकाशकण बाहेर पडतात. हे प्रकाशकण पुढे धातूच्या पातळ पत्र्यावर आदळले, की त्यांतील काहींपासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोड्या निर्माण होतात. चुंबकाच्या साहाय्याने त्यांतून हव्या त्या ऊर्जेचे कण निवडता येतात. साधारण १ ते ६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा हा झोत नव्या कणशोधकाच्या नमुन्यावर सोडला जातो.

नमुन्याच्या पुढे तीन आणि मागे तीन, अशा सहा संवेदक-पट्ट्या उभ्या असतात. या रचनेला ‘दुर्बीण’ म्हणतात, पण तिच्यात भिंग नसते. कण जाताच क्षणभर चमकणारे खास प्लॅस्टिकचे तुकडे तो गेल्याची वर्दी देतात आणि सहाही पट्ट्यांवरील खुणा नोंदल्या जातात. त्या खुणा जोडून कणाचा मार्ग काढला, की तो नमुन्याच्या नेमक्या कोणत्या जागेतून गेला, हे काही मायक्रोमीटरपर्यंत सांगता येते. आता नमुन्याची साक्ष तपासावयाची. समजा, १००० कण गेले आणि त्याने ९९० नोंदले, तर त्याची कार्यक्षमता ९९ टक्के. नोंदलेली जागा खऱ्या जागेपासून किती ढळली, यावरून त्याची अचूकता कळते.

येथे एक अडचण आहे. कोणत्याही पदार्थातून जाताना इलेक्ट्रॉनची दिशा किंचित बदलते. परीक्षा घेणारी दुर्बीणच जाड असेल, तर ती कणाचा मार्ग बिघडवील. म्हणून तिच्या संवेदकांची जाडी सुमारे ५० मायक्रोमीटर एवढीच ठेवतात, आणि उरलेला विचलनाचा परिणाम हिशेबात धरतात. परीक्षकाचीही परीक्षा व्हावी लागते, ती अशी.

एवढा खटाटोप कशासाठी? मोठ्या प्रयोगाच्या गाभ्यात एकदा बसवलेला शोधक सहजासहजी बाहेर काढून दुरुस्त करता येत नाही. तेथे वर्षानुवर्षे किरणोत्साराचा मारा होतो; म्हणून काही नमुन्यांना आधीच तितका किरणोत्सार देऊन मग झोतासमोर ठेवतात. या कसोटीत दोष आढळला, तर ते अपयश मानू नये; तो वेळीच सापडला, हाच परीक्षेचा लाभ. २०१२ साली हिग्ज कणाचा शोध जाहीर झाला, तो जगाने मानला. कारण तो टिपणारी यंत्रे अशाच कसोट्यांतून गेली होती. त्या शोधातील ‘सीएमएस’ प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही सहभागी आहे.

हे क्षेत्र शाळकरी मुलांना बंद नाही. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ ही संस्था शालेय संघांसाठी झोतावरील प्रयोगांची स्पर्धा घेते. २०१८ साली विजयी ठरलेल्या दोन संघांपैकी एक मुंबईच्या शाळेचा होता. पुढच्या वर्षी सर्नचे त्वरक दुरुस्तीसाठी बंद असल्याने विजेत्या मुलांनी आपले प्रयोग हॅम्बुर्गच्या याच झोतावर केले.

आपल्या प्रयोगशाळेत त्वरक नाही, तापमापी आहे. ती वितळत्या बर्फात धरून शून्य अंश दाखवते की नाही, हे पाहिल्यावाचून तिच्या आकड्यावर विसंबू नये. ही सवय जडलेला विद्यार्थी उद्या हॅम्बुर्गच्या झोतासमोर उभा राहिला, तरी त्याला ती रीत परकी वाटणार नाही.