बाटल्यांवरील चिकट लेबले कशी काढावीत?

मध, सरबत किंवा लोणचे भरण्याकरिता काचेच्या जुन्या बाटल्या पुन्हा उपयोगात आणता येतात. मात्र प्रथम लेबल वाचावे, मगच काढावे. कीटकनाशकाची बाटली कितीही धुतली तरी खाद्यपदार्थांकरिता कधीही वापरू नये. तिचे लेबलही काढू नये. विषाची ओळख पटविणारी तीच खूण असते. लेबल नसलेली अनोळखी बाटली घेऊच नये.

खाद्यपदार्थांच्या बाटल्या कोमट पाण्याने भरून, धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवाव्यात. रिकामी बाटली तरंगते व लेबल कोरडे राहते. खळीने चिकटविलेला कागद अशा रीतीने सहज सुटतो. पाण्याने न सुटणाऱ्या चिकट थरावर गोडे तेल व खाण्याचा सोडा समभाग कालवून लावावा आणि अर्ध्या तासाने काथ्याने घासावे. चाकूने खरवडल्यास काचेवर चरे पडू शकतात.

नंतर बाटल्या साबणाने धुऊन थंड पाण्यात ठेवाव्यात, पाणी हळूहळू तापवावे व उकळी आल्यावर १० मिनिटे उकळू द्यावे. एकदम उकळत्या पाण्यात टाकलेली बाटली तडकते. शेवटी बाटल्या स्वच्छ फडक्यावर पालथ्या घालून वाळवाव्यात.

हे प्रात्यक्षिक महिला मंडळात करून दाखवावे. त्याचा आरंभ विषारी बाटल्या वेगळ्या काढण्यापासून करावा.