भंडारदऱ्याच्या काठी

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पावसाचे पाणी दोन वाटांनी जाते. पश्चिमेच्या कड्यांवरून कोसळणारे पाणी थोड्याच अवधीत कोकणात उतरते आणि समुद्रास मिळते. पूर्वेकडे वळलेल्या पाण्याला मात्र फार लांबचा प्रवास करावा लागतो. अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास अकोले तालुका आहे. तेथील रतनगडाच्या डोंगरात प्रवरा नदी उगम पावते आणि अकोले, संगमनेर, नेवासे या गावांवरून सुमारे दोनशे किलोमीटर वाहून प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. याच नदीच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला.

या प्रवरेवर, उगमापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, भंडारदऱ्याचे धरण आहे. धरणालगत शेंडी हे गाव असून जलाशयाच्या परिसरात मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे अशी लहान लहान गावे वसली आहेत. एका बाजूस १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर दिसते. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. दुसऱ्या बाजूस रतनगड उभा आहे. गावांतील बहुतेक लोक महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे आहेत. इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड उभारून १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. आता या जलाशयाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

मी मुख्याध्यापक असताना एका उन्हाळ्यात, वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, काही विद्यार्थ्यांना घेऊन रतनवाडीस गेलो होतो. आमची शाळा प्रवरेच्या कालव्याच्या पट्ट्यातील होती. तेव्हा मुले बहुतेक ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यांची. अमृतेश्वराचे प्राचीन शिवालय आणि त्याजवळची देवकोष्ठांची पुष्करिणी पाहून आम्ही जलाशयाकडे वळलो. पाणी खूप मागे हटले होते. उघड्या पडलेल्या चिखलातून दगडांच्या सरळ रांगा एकीखाली एक उतरत गेलेल्या दिसत होत्या. एका मुलाने विचारले, "गुरुजी, पाण्यात या भिंती कोणी बांधल्या?"

जवळच एक वृद्ध गृहस्थ गुरे चारीत बसले होते. माझ्याआधी त्यांनीच उत्तर दिले, "भिंती नव्हं बाळा, बांध हायेत. माझ्या आज्याच्या भाताचे. पाणी हटलं की म्हैना-दोन म्हैने दिसत्यात."

त्या बांधांची हकीकत समजण्यासाठी आपल्याला शंभर-सव्वाशे वर्षे मागे गेले पाहिजे.

अकोल्याच्या घाटमाथ्यावर पाऊस मुसळधार पडतो. घाटघरला तर लोक नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. परंतु ढग पूर्वेकडे सरकू लागले की त्यांतील पाणी आटत जाते आणि जिल्ह्याचा पूर्वभाग कोरडा राहतो. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या दुष्काळांत या भागाने अपार हाल सोसले. जनावरे मेली, शेते ओस पडली, माणसे पोटासाठी देशोधडीस लागली. पुढे १९०१ ते १९०३ या काळात सरकारने नेमलेल्या सिंचन आयोगाने दख्खनच्या दुष्काळी मुलुखासाठी धरणे व कालवे बांधण्यावर भर दिला. घाटमाथ्यावर जे पाणी चार महिन्यांत वाहून जाते ते अडवून आठ महिने पुरवावे, हा त्यामागील विचार होता.

भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. दगडी बांधकामाची ही भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे. त्या काळी भारतातील सर्वांत उंच धरणांत तिची गणना होत असे. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. म्हणून त्याला विल्सन धरण असे नाव मिळाले. जलाशयात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते.

या पाण्याची वाट मोठी पाहण्यासारखी आहे. धरणातून सोडलेले पाणी प्रथम नदीच्याच पात्रातून वाहत जाते. वाटेत रंधा येथे ते खोल दरीत उडी घेते. पुढे संगमनेर तालुक्यात ओझर येथे नदीवर बंधारा बांधलेला आहे. तेथे पाण्याची पातळी उंचावते आणि डाव्या व उजव्या अशा दोन कालव्यांतून ते शेतांकडे वळते. ज्या जमिनीत बाजरीही नेमाने पिकत नसे तेथे ऊस उभा राहिला. याच पट्ट्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला. कारखान्यांच्या मागोमाग शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये आली. दुष्काळाने होरपळलेल्या भागाचे रूप एका नदीच्या पाण्याने पालटले.

आता वरच्या बाजूचा विचार करू. डोंगराळ मुलुखात सपाट आणि सुपीक जमीन थोडी असते आणि ती दरीच्या तळाशी, नदीच्या दोन्ही अंगांना असते. पाणी अडवले की प्रथम तीच बुडते. भंडारदऱ्यासही तसेच झाले. त्या वेळी १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्यानुसार जमिनीची किंमत ठरवून रोख पैसे दिले की सरकारचे कर्तव्य संपत असे. पिढ्यान्‌पिढ्या भाताचे खाचर कसणाऱ्या माणसाने त्या पैशांचे काय करावे आणि पुढे कोठे राहावे, याचा विचार कायद्यात नव्हता. याच सुमारास पुणे जिल्ह्यात मुळशी येथे धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. धरणासाठी विस्थापित होणाऱ्यांचे पुनर्वसन झालेच पाहिजे, असा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. भंडारदऱ्याच्या लोकांसाठी तो पन्नास वर्षे उशिरा आला. ज्यांची खाचरे बुडाली ते डोंगराच्या उतारावर सरकले आणि तेथील हलक्या जमिनीत नव्याने नांगर धरू लागले.

धरणाच्या भिंतीलाही एकदा मोठे संकट सोसावे लागले. १९६९ साली तिला तडे जाऊन पाणी झिरपू लागल्याचे दिसून आले. जलाशयाची पातळी खाली आणण्यात आली आणि नंतर भिंतीस मागील बाजूने भक्कम टेके देऊन ती मजबूत करण्यात आली. आज शंभर वर्षांच्या घरात आलेली ही भिंत त्या टेक्यांच्या आधाराने उभी आहे.

जगात तळ्याकाठी वसलेल्या वस्त्या पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा हे त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण. या शहराचा आराखडा वॉल्टर बर्ली ग्रिफिन या वास्तुविशारदाने केला आणि १९१२ साली स्पर्धेत तो पहिला आला. त्याने शहराच्या मध्यभागी एका तळ्याची कल्पना केली होती. पुढे मोलाँग्लो नदी अडवून ते तळे तयार करण्यात आले आणि १९६४ साली पाण्याने भरले. त्याच्या काठच्या उपनगरांतील लोक तेथे नावा वल्हवतात आणि सायंकाळी फिरावयास येतात. तेथे तळे काठच्या रहिवाशांसाठी निर्माण झाले. भंडारदऱ्याचे तळे मात्र दूरच्या माणसांसाठी निर्माण झाले. काठावरची माणसे पाणी साठताना पाहतात आणि ते सोडले की निघून जातानाही पाहतात.

असे असले तरी या काठचे जीवन उदास मुळीच नाही. येथील वर्ष पावसाबरोबर सुरू होते. उन्हाळ्याच्या शेवटी शेतकरी पालापाचोळा जाळून राब भाजतात आणि त्या जागेत भाताची रोपे तयार करतात. आषाढात आवणी सुरू झाली की एका घरची माणसे सारी खाचरे लावू शकत नाहीत. म्हणून सावड करतात. आज सारे मिळून एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. या कामास कोणी मजुरी देत नाही आणि मागतही नाही, पण सावड फेडण्यास कोणी चुकत नाही. उतारावरच्या जमिनीत नागली आणि वरई पिकते. रानातून हिरडा, करवंदे, जांभळे मिळतात. हिरडा औषधी असल्यामुळे व्यापारी तो विकत घेतात आणि घरात थोडा पैसा येतो.

दिवाळीच्या आरंभी वाघबारस येते. त्या दिवशी गुराखी वाघोबाच्या ठिकाणी जमून पूजा करतात आणि गुरावासरांचे रक्षण कर म्हणून त्याला विनवतात. ज्याच्या भयाने रात्री झोप लागत नाही त्यालाच देव मानून त्याच्या शेजारी राहण्याची ही रीत आहे. पिके घरात आल्यावर कोठे ठाकरांचा कांबडनाच रंगतो, तर कोठे बोहाडा होतो. बोहाड्यात गावकरी देवदेवतांचे मुखवटे धारण करून संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवावयाचे, हे परंपरेने ठरलेले असते आणि त्या दिवशी परगावी गेलेला माणूसही घरी परततो.

अलीकडे या भागात पर्यटक फार येऊ लागले आहेत. पावसाळ्यात धरणाच्या सांडव्याजवळ छत्रीसारखा पसरणारा धबधबा पाहण्यास गर्दी होते. त्याआधी, मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या आरंभी, हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन अशा झाडांवर लक्षावधी काजवे लुकलुकतात. हा प्रदेश १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. पर्यटकांमुळे गावातील तरुणांना काम मिळते. कोणी वाटाड्या होतो, कोणी जेवणाची व मुक्कामाची सोय करतो. परंतु मोटारींचे दिवे आणि कर्णे काजव्यांना सोसत नाहीत. काजव्यांचे लुकलुकणे ही त्यांची परस्परांना घातलेली साद असते. भोवती प्रखर उजेड झाला की ती साद ऐकू जावी कशी?

आणखी एक गोष्ट आम्हाला त्या दिवशी कळली. समोर एवढे पाणी असूनही काही वाड्यांतील स्त्रियांना उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन दूरवर जावे लागते. वाड्या उंचावर, जलाशय खाली. खडक काळा आणि कठीण, उतार तीव्र. त्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत न मुरता वाहून जाते आणि विहिरी लवकर आटतात. चार महिने ज्यांच्या घरांवर आभाळ कोसळते त्यांनाच वैशाखात घोटभर पाण्यासाठी वणवण करावी लागते.

निघण्याची वेळ झाली तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे आणून मुलांना वाटली. मी पैसे देऊ लागताच त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "रानाचं हाय मास्तर, त्याचं कसलं पैसं?"

परतीच्या वाटेवर, बांधांविषयी विचारणारा मुलगा बराच वेळ गप्प होता. अखेर तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या उसाला जे पाणी येतं ते त्यांच्या खाचरावरूनच येतं ना? मग त्यांना आपण काय देतो?"

माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते, आणि उगाच काही सांगून त्याचे समाधान करावे असेही मला वाटले नाही. दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न वर्गात फळ्यावर लिहिला. मुलांनी आपापल्या परीने उत्तरे दिली. वरच्या वाड्यांना पिण्याचे पाणी आधी मिळावे, मग उसाला, असे एकाने सांगितले. सहलीस गेल्यावर काजव्यांच्या रानात दिवे लावू नयेत आणि कचरा टाकू नये, असे एकीने लिहिले. कालव्याचे पाणी जपून वापरावे, कारण ते कोणाच्या तरी शेतावरून आलेले आहे, असे तिसऱ्याने म्हटले. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने एकच ओळ लिहिली होती : 'त्यांनी सावड केली, ती अजून फिटली नाही.'

सावड हा शब्द त्याने रतनवाडीस प्रथमच ऐकला होता.

अभ्यास

१. अकोल्याच्या घाटमाथ्यावर पुष्कळ पाऊस पडत असूनही काही वाड्यांत उन्हाळ्यात पाणी का मिळत नाही?
२. भंडारदऱ्याचे पाणी शेतापर्यंत कसे पोहोचते, ते क्रमाने सांगा.
३. कॅनबेराचे तळे आणि भंडारदऱ्याचा जलाशय यांत लेखकाने कोणता फरक दाखविला आहे?
४. 'सावड' म्हणजे काय? मुलाने वहीत लिहिलेल्या ओळीचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
५. तुमच्या गावाला पिण्याचे पाणी कोठून येते? त्या ठिकाणची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.